तीन बोटांचं अंतर

जोडमावशीला कुठल्याही देशाचं नाव विचारा, ती आधी पट्टीचा नंबर सांगते. जपान? अकरावी. ब्राझील? पाचवी, थोडा चौथीत सांडलाय. आइसलंड? सहावी, अगदी वरच्या टोकाला, तिथे कागद हमखास चुरगळतो. त्या देशाची राजधानी कोणती, तिथे थंडी किती पडते, लोक काय खातात, यातलं तिला काही ठाऊक नाही, आणि ठाऊक नसल्याचं तिला कधी वाईटही वाटलेलं नाही. जग चिकटवायला एवढी माहिती लागत नाही.

मालकांच्या कारखान्यात पृथ्वीगोल तयार होतात. कारखाना म्हणजे एक लांबट खोली, एका बाजूला ओळीने खिडक्या, आणि छताखाली दोऱ्यांवर वाळत टांगलेल्या पन्नास-साठ पृथ्व्या. पुठ्ठ्याचा पोकळ गोळा घ्यायचा, त्यावर पांढरा लेप द्यायचा, लेप घासून गुळगुळीत करायचा आणि मग छापील कागदाच्या बारा पट्ट्या एकीला लागून एक चिकटवत जायच्या. पट्टी दोन्ही टोकांना निमुळती आणि मध्ये फुगीर, होडीसारखी. पहिल्या अकरा पट्ट्या कारखान्यातली कोणीही लावते. बारावीला मात्र मावशीशिवाय कोणी हात लावत नाही. ओला कागद ताणला जातो, त्यामुळे अकरा पट्ट्यांवर बाकीच्या बायकांनी केलेल्या सगळ्या चुका गोळा होऊन बारावीच्या वाट्याला येतात. कधी केसभर फट राहते, कधी कागद एकावर एक चढतो. मग मावशी खळीत बोट बुडवते, कागदाला गोंजारते, दटावते, हळूच एखादी शिवी हासडते आणि बारावीची कड पहिलीच्या कडेला अशी भिडवते की जोड शोधायला भिंग घ्यावं लागतं. म्हणून ती जोडमावशी. तिचं खरं नाव हजेरीच्या वहीत आहे, पण तिथेसुद्धा कोणीतरी कंसात जोडमावशी लिहून ठेवलंय.

बावीस वर्षं ती हे करत होती. आणि गंमत बघा, तिची दोन्ही मुलं नेमकी त्या जोडाच्या अल्याड-पल्याड जाऊन राहिली. थोरला न्यूझीलंडला गेला, शीतगृहातली यंत्रं दुरुस्त करायला. बारावी पट्टी, खालच्या अंगाला. धाकटी पॅसिफिक महासागरातल्या एका बेटावरच्या हॉटेलात केक-बिस्किटं भाजायला गेली. पहिली पट्टी. ते बेट इतकं लहान की गोलावर त्याचं नुसतं टिंब, आणि त्याच्या नावाची अक्षरं मात्र बेटाच्या शंभरपट मोठी. धाकटी गेली त्या दिवशी मावशीने एक वाळलेला गोल खाली काढला, थोरल्याच्या गावाला करंगळी टेकवली आणि बोटं मांडत गेली. एक, दोन, तीन. तिसऱ्या बोटाच्या पलीकडच्या कडेला धाकटीचं टिंब.

"शेजारीच आहेत की दोघं," ती म्हणाली, आणि त्या दिवशी तिने नेहमीपेक्षा चार गोल जास्त जोडले.

घरी मात्र निराळंच जग टांगलेलं होतं. तिचे यजमान बसमध्ये कंडक्टर होते. निवृत्त होऊन सात वर्षं झाली तरी सगळी गल्ली त्यांना कंडक्टरकाका म्हणते आणि ते अजूनही दार उघडताना आधी मागे कोणी चढतंय का ते बघतात. त्यांनी बैठकीच्या भिंतीला जगाचा एक सपाट नकाशा लावला होता. त्या नकाशात थोरला उजव्या कडेला आणि धाकटी डाव्या कडेला. मधे सगळं जग. काका रोज सकाळी चहाचा कप घेऊन त्या नकाशापुढे उभे राहत आणि सुस्कारा सोडत.

"एक या टोकाला, एक त्या टोकाला," ते म्हणत. "दोन लेकरं, पण एकमेकांपासून याहून लांब जायला जगात जागाच उरली नाही."

"अहो, टोक नाहीच आहे तिथे. तो कागद गुंडाळा, म्हणजे कळेल."

"कशाला गुंडाळू? चांगला चिकटवलाय. शेवटचा थांबा तो शेवटचा थांबा."

दोघांपैकी एकाचंही भूगोलात डोकं नव्हतं, पण दोघांचाही स्वतःच्या कागदावर पूर्ण विश्वास होता. अशा जोडप्याचं भांडण कधी मिटत नाही, आणि ते मिटावं असं त्यांना वाटतही नसावं.

खरं भांडण मुलांमध्ये झालं. धाकटीने तिथल्याच एका मुलाशी लग्न ठरवलं. बोटींची इंजिनं दुरुस्त करणारा, अबोल आणि मोठमोठ्या हातांचा. लग्न समुद्रकिनाऱ्यावर होतं. मावशी आणि काका ते फोनवर बघत होते. मुलाकडची माणसं चार रांगा भरून बसली होती. धाकटीच्या बाजूला हॉटेलातल्या दोन मैत्रिणी, आणि पहिल्या रांगेत एक रिकामी खुर्ची. ती थोरल्यासाठी ठेवली होती. तो आला नाही. लांब पडतं, मधे समुद्र आहे, सुट्टी मिळत नाही, असं त्याने आदल्या आठवड्यात कळवलं होतं. तरी तिने खुर्ची ठेवली होती.

लग्नानंतर धाकटीने त्याला एकच वाक्य लिहून पाठवलं. "माझ्या माणसांपैकी सगळ्यात जवळ तूच होतास." मग फोन बंद, निरोप बंद. दीड वर्ष झालं. तिचं नाव काढलं की तो विषय बदलायचा, आणि त्याचं नाव काढलं की तिला ओव्हनमध्ये काहीतरी जळत असल्याचं आठवायचं. मावशी दोघांशी वेगवेगळं बोलायची . रोज हाताने जी दोन टोकं जुळवायची, तिथेच आपली दोन लेकरं फाटून बसलेली. तिला ते आत लागलं होतं.

आणि आता धाकटी बाळंत व्हायची होती. सहा आठवडे उरले होते. नवरा प्रेमळ होता, सासू चांगली होती, दवाखाना जवळ होता. पण एका सकाळी फोनवर बोलता बोलता धाकटी अचानक म्हणाली, "आई, इथे सगळे खूप माया करतात गं. पण माझ्या लहानपणचं इथे कोणालाच काही माहीत नाही. एक माणूस तरी हवं होतं." मग लगेच हसून तिने विषय हवापाण्यावर नेला.

मावशीला जाता येत नव्हतं. गेल्या वर्षी तिच्या पायात रक्ताची गाठ झाली होती आणि डॉक्टरांनी विमानाचं नाव काढायचं नाही असं बजावलं होतं. काकांना एकटं पाठवलं असतं तर ते मधल्या विमानतळावर लोकांना तिकिटं विचारत बसले असते. उरला थोरला. तीन बोटांवरचा थोरला.

मावशीने त्याला फोन लावला आणि सरळ मुद्द्यावर आली. "बहिणीकडे जाऊन ये."

"आई, पुन्हा तेच?"

"पुन्हा नाही, पहिल्यांदाच सांगतेय. लग्नाच्या वेळी मी तुला काही बोलले नाही. आता बोलते. तीन बोटांवर राहतोस आणि सख्ख्या बहिणीकडे दीड वर्ष फिरकला नाहीस."

थोरला हसला. "तीन बोटं? आई, तीन हजार किलोमीटर आहे ते. अथांग समुद्र आहे मधे."

"मला शिकवू नकोस. बावीस वर्षं मी तुझ्या गावाच्या आणि तिच्या बेटाच्या मधला समुद्र याच अंगठ्याने दाबत आलेय. केवढा आहे ते मला माहीत आहे."

"आई, तुझा गोल लहान आहे. पृथ्वी मोठी आहे."

 फोन ठेवून ती तडक कामावर गेली आणि मालकांपुढे उभी राहिली. मालक म्हणजे सोनेरी चष्म्याचे, हळू बोलणारे गृहस्थ, वडिलांकडून आलेला कारखाना सांभाळणारे. त्यांनी दोरा घेतला, गोलावर एका टिंबापासून दुसऱ्यापर्यंत ताणला, मोजपट्टीवर धरला आणि कागदावर आकडेमोड केली.

"थोरला बरोबर बोलतोय, मावशी. तीन हजारांच्या आसपास."

"आणि तीन हजार म्हणजे किती?"

मालकांनी चष्मा काढून पुसला. असा प्रश्न त्यांना उभ्या आयुष्यात कोणी विचारला नव्हता. "बरंच," ते म्हणाले.

बरंच म्हणजे किती ते काकांनी घरी सांगितलं. त्यांची जुनी बस चाळीस किलोमीटरच्या फेरीला दीड तास घ्यायची. काकांनी वर्तमानपत्राच्या कोपऱ्यावर हिशेब मांडला. "पंचाहत्तर फेऱ्या. चार दिवस आणि सोळा-सतरा तास. तेही पंक्चर झालं नाही तर. आणि समुद्रात थांबे कुठले? माणसाने उतरायचं कुठे?"

मावशी पलंगाच्या कडेला बसून राहिली. आपण लेकराला उगाच बोललो. दीड वर्ष मनात त्याच्याबद्दल अढी धरली, ती एका गोलाच्या भरवशावर. तिचे कान लाल झाले. तिने त्याला पुन्हा फोन केला आणि म्हणाली, "चुकले रे. लांबच आहे. माझ्या बोटांना काय कळतंय. नको जाऊस."

थोरला जिंकला होता, पण त्याच्या आवाजात जिंकल्याचं काही ऐकू आलं नाही. "बरं," एवढंच तो म्हणाला.

पुढचे आठ-दहा दिवस मावशीचं कामात लक्ष नव्हतं. जोड पहिल्यासारखेच बेमालूम बसत होते, हातांना त्यासाठी तिची गरज नव्हती. पण ती पट्ट्यांशी बोलेनाशी झाली. बाकीच्या बायकांनी आपापसात ठरवलं की मावशीची दाढ दुखत असणार.

मग पाहुणे आले. वर्षातून एकदा बाहेरदेशचे खरेदीदार कारखाना बघायला येत, आणि त्या दिवशी मालक कोट घालत. यंदा दोघं होते. एक कॅनडाचा, धिप्पाड, दारातून आत येताना सवयीने मान खाली घालणारा. दुसरी हॉलंडची बाई, चपळ, हातात छोटी वही. दोघांनाही गोलावर आपापला देश आधी शोधायचा होता. सगळ्यांचं तसंच असतं, जग बघायला आलेला माणूस पहिल्यांदा स्वतःचं घर शोधतो. कॅनडावाल्याला ते जड गेलं नाही, त्याचा देश चार पट्ट्यांवर पसरलेला. हॉलंडवाली बराच वेळ गोल फिरवत राहिली. शेवटी मावशीने तिचा अंगठा धरून बाजूला केला. देश अंगठ्याखाली होता.

बाई खळखळून हसली. चहा आला. मालक मधे बसून दुभाष्याचं काम करत होते. बोलता बोलता कॅनडावाल्याने आईचा विषय काढला. आई म्हातारी आहे, पण सुदैवाने जवळच राहते, महिन्यातून एकदा तरी जाऊन येतो.

"जवळ म्हणजे किती?" मावशीने विचारलं. हल्ली या शब्दावर तिचा भरवसा उरला नव्हता.

"आठशे किलोमीटर. शनिवारी सकाळी गाडी काढली की संध्याकाळच्या जेवणाला पोचतो. रविवारी परत."

हॉलंडवालीने कप खाली ठेवला. "आठशे? तेवढ्यात मी तीन देश ओलांडून जाईन. माझी बहीण साठ किलोमीटरवर राहते. आम्ही वर्षातून दोनदा भेटतो. महिनाभर आधी तारीख ठरवावी लागते, एवढा प्रवास म्हणजे अख्खा दिवस मोडतो."

"साठ?" कॅनडावाला म्हणाला. "साठवर तर मी किराणा आणायला जातो."

आता सगळ्या कॅनडाचं असंच असतं की या एकाच गृहस्थाला गाडी हाकायचं वेड होतं, आणि सगळं हॉलंड बहिणीला तारखा देत बसतं की ही एकटी बाई, ते देव जाणे. पण दोघंही आपापल्या जागी खरं बोलत होती आणि दोघांनाही समोरच्याचं डोकं फिरलंय असं वाटत होतं. मावशी एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत राहिली. कितीतरी दिवसांनी तिला मजा वाटू लागली होती.

"मालक, यांना विचारा," ती म्हणाली, "तीन हजार किलोमीटर म्हणजे लांब की जवळ? आणि मधे सगळा समुद्र."

मालकांनी विचारलं. कॅनडावाल्याने उलट विचारलं की विमानाला किती तास लागतात. मालकांनी फोनवर शोधलं. थेट विमान होतं. चार तास.

"चार तास? मग शेजारीच की," कॅनडावाला म्हणाला. "तीन हजार गेलो तरी मी माझ्याच देशात असेन."

"चार तास विमानात?" हॉलंडवाली म्हणाली. "त्यासाठी मी दोन आठवड्यांची रजा काढेन."

"मग खरं कोणाचं धरायचं?" मावशीने विचारलं.

मालक हा प्रश्न तिकडे पोचवायच्या आधीच हॉलंडवालीला तो कळला असावा. तिने वही मिटली आणि मालकांना काहीतरी म्हणाली. मालकांनी सांगितलं, "बाई म्हणतात, बहीण गेल्या हिवाळ्यात पाय मोडून पडली तेव्हा त्या तारीख न ठरवता गेल्या होत्या. पाऊण तास लागला. रस्ता तोच होता, पण त्या दिवशी लांब वाटला नाही."

 चार तास म्हणजे किती ते तिला कोणी सांगायला नको होतं. सकाळी कामावर येऊन एप्रन बांधल्यापासून जेवणाच्या सुट्टीपर्यंत चार तास होतात. तेवढ्यात तिच्या हाताखालून सोळा पृथ्व्या जातात आणि एकदा चहाही होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने थोरल्याला व्हिडिओ कॉल लावला. रविवार होता. तो कुठल्यातरी ओट्यावर बसून रबरी बूट धूत होता.

"काल कुठे गेला होतास?" मावशीने विचारलं.

"मासे पकडायला. मित्रांबरोबर. उत्तरेला एक मस्त जागा आहे."

"जवळ आहे?"

"हो, जवळच. चार तास गाडीने."

"आणि परत यायला?"

"चारच." मग त्याचा हात बुटावर थांबला. आईचा सूर त्याच्या आता लक्षात आला.

"मिळाला का मासा?"

"एक मिळाला."

"त्या माशाचं आणि तुझं नातं काय रे?" मावशी म्हणाली.

थोरल्याने बूट खाली ठेवला. नळ तसाच वाहत होता. बाजूला बसलेल्या काकांना हसू आवरेना, ते उठून स्वयंपाकघरात गेले. 

"तीन बोटं नाही म्हणत मी आता," ती म्हणाली. "तीन हजारही नाही म्हणत. ते मोजायचं काम माझं नाही. तू का गेला नाहीस तेवढं सांग. खरं सांग."

थोरल्याने नळ बंद केला. "लग्न ठरल्याचं तिने मला सांगितलंच नाही, आई. तुझ्याकडून कळलं मला. तारीख ठरली, जागा ठरली, सगळं झालं आणि मग मला बोलावणं. सायकल शिकवायला मी, शाळेत सोडायला मी, आणि लग्नाचं मात्र सगळ्यांच्या शेवटी कळतं. मला फार लागलं ते. मग मी म्हटलं, जाऊ दे, लांब आहे."

"म्हणजे रुसला होतास."

"हो."

"मग रुसलो असं म्हणायचं होतंस. ती समजली असती. तुलाही तिची बाजू कळली असती. अंतराला कशाला मधे घातलंस? त्या बिचाऱ्या समुद्राने तुझं काय केलं होतं?"

थोरल्याने बाहीने नाक पुसलं. बेचाळीस नंबरचा बूट घालणारा, दाढीवाला गडी, पण मावशीला त्या बाहीत सात वर्षांचा मुलगा दिसला आणि तिला त्याला जवळ घ्यावंसं वाटलं.

"तिने दार लावून घेतलं तर?" त्याने विचारलं.

"तर पायरीवर बस. बाळंत व्हायला आलेली बाई किती वेळ दार लावून बसेल? दवाखान्यात जायला तरी बाहेर येईलच."

पुढच्या रविवारी तो निघाला. सकाळी दहाच्या विमानाने. आणि शनिवारी दुपारी चारला पोचला.

हे कळल्यावर कंडक्टरकाकांनी खुर्ची धरली. मावशीला यात नवल वाटलं नाही. बारावी आणि पहिली पट्टी जिथे भिडते तिथे दिवस बदलतो, बारावीत रविवार असतो तेव्हा पहिलीत अजून शनिवारच, आणि तिथे एक रेघच छापलेली असते. ती रेघ जुळली नाही तर मालक अख्खा गोल परत पाठवतात. पण काकांना ते पटेना.

"रविवारचं तिकीट शनिवारी?" ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. "माझ्या बसमध्ये कोणी असं तिकीट दाखवलं असतं तर मी त्याला खाली उतरवला असता."

"म्हणून तुम्ही चाळीस किलोमीटरच्या पुढे गेला नाहीत," मावशी म्हणाली.

तिकडे काय झालं ते धाकटीने नंतर सांगितलं. ती अंगणात कपडे वाळत घालत होती. फाटक वाजलं. दादा उभा होता, पाठीवर पिशवी, हातात घाईघाईने विमानतळावर घेतलेलं एक कापडी अस्वल, त्याच्या कानाला किमतीची चिठ्ठी तशीच. तो काहीतरी पाठ करून आला होता. ते सगळं विसरला आणि म्हणाला, "उशीर झाला का गं?"

धाकटीने हातातली चादर दोरीवर टाकली. "दीड वर्ष उशिरा निघालास," ती म्हणाली, "आणि एक दिवस आधी पोचलास." मग ती रडायला लागली, तोही रडायला लागला, आणि तिचा अबोल नवरा बाहेर येऊन बघतो तर दोघं एकाच ओल्या चादरीला डोळे पुसत होती. त्याने मुकाट्याने दुसरी चादर आणून दिली.

मुलगी झाली नऊ दिवसांनी. थोरल्याने रजा दोनदा वाढवून घेतली. दवाखान्यात त्यानेच गाडी चालवत नेलं, आणि वाटेत धाकटीला धीर देण्यासाठी लहानपणी ती कपाटात लपून झोपली होती आणि सगळी गल्ली तिला शोधत होती ती गोष्ट सांगितली. ती गोष्ट त्या बेटावर दुसऱ्या कोणाला ठाऊक असायचं कारण नव्हतं.

बाळ पाच दिवसांचं झालं तेव्हा धाकटीने सकाळी व्हिडिओ कॉल केला. मावशीने कामाला जायच्या आधी नातीला डोळे भरून पाहिलं. नाक कोणाचं, कपाळ कोणाचं, यावर काका आणि जावई यांच्यात, एकाला दुसऱ्याची भाषा येत नसताना, बराच वेळ चर्चा झाली. मग बाळाला गुंडाळायची वेळ झाली. धाकटीने फोन कशाला तरी टेकवून ठेवला, तो घसरला आणि त्यात नुसतं छत दिसू लागलं. पांढरं छत, आणि हळूहळू फिरणारा पंखा.

"असं नाही गुंडाळत," थोरल्याचा आवाज आला. "हात आत घे तिचा."

"तुला काय माहीत? तू किती बाळं गुंडाळलीस?"

"तुला गुंडाळलंय मी. सगळी चादर लाथेने उडवायचीस."

"म्हणजे तेव्हापासूनच चुकीचं गुंडाळत होतास."

"आण इकडे."

"हात धुतलेस का आधी?"

"आत्ता धुतले."

"पुन्हा धू."

मावशी फोन तसाच धरून बसली. कामाला उशीर होत होता, एप्रन हातात होता, पण ती उठेना. काका आतून कप घेऊन आले आणि दारातच थांबले.

"काय झालं? कट झाला का फोन?"

"नाही, चालू आहे."

"मग दिसतंय काय?"

"छत."

"आणि मुलं? काय करतायत दोघं?"

"भांडतायत," मावशी म्हणाली, आणि तिच्या तोंडावर हसू मावेना. "समोरासमोर बसून."